खोक्यातलं पीठ आणि आमचा वेल्डर

मी केक भाजायचा ट्रे बोलतोय. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला. गोडगोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगतो.

कारखान्यात प्रेसखाली एक दणका बसला आणि जन्मलो. आईबाप काही बघितले नाहीत. दुकानात आमच्या बाईनं मला बोटांनी वाजवून बघितलं आणि घरी आणलं. पाच वर्षं सुखात गेली. मग तिच्या नवऱ्यानं, तो वेल्डर, मला वर्कशॉपला नेलं आणि माझ्यात नटबोल्ट भरले! तिथंच चेपलो. बाईनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी वेल्डरनं मला घासून घासून लखलखीत केलं आणि गुपचूप ओट्यावर ठेवलं. ह्या माणसाला माफी मागता येत नाही, भांडी घासता येतात.

मध्यंतरी बाई घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. धाकट्या बहिणीचा फोन आला, "ताई, दाजींना चहा येत नाही, तुला काय खायला घालणार? रविवारी चारला येते. चल माझ्याकडं."

बाई 'बरं' म्हणाली. वेल्डरला 'जाऊ नको' म्हणायचं होतं. पण तोंडाला टाका मारल्यासारखा गप्प.

रविवारी दोनला त्यानं मला फळीवरून काढलं.

"अहो, काय करताय?"

"केक."

"तुम्ही?"

"मग काय शेजारी येणार?"

बाई खुर्चीत बसून सांगू लागली. डब्यातले पीच पाकासकट माझ्यात ओता. वर खोक्यातलं केकचं पीठ कोरडंच भुरभुरा. त्यावर बटरचे काप. "आणि ढवळायचं नाही."

"न ढवळता? असं कुठं असतं!"

"चमचा लावून तर बघा!"

मी ओव्हनमध्ये गेलो. आता हा गडी जन्मभर लोखंडाचा रंग बघून काम करणारा. दर दोन मिनिटांनी दार उघडून डोकावायचा. जरा कुठं अंग तापतंय तोवर गार वारा! डोकंच फिरलं माझं.

"दार लावा की! सगळी गरमी चालली!"

"लाल झाला का बघतोय."

"केक आहे तो, गज नाही!"

तीन वाजून गेले तरी वर पांढरं कोरडं पीठ तसंच, जागोजागी. बाईनं उसासा टाकला. "राहू द्या आता," म्हणाली आणि पिशवी भरायला उठली.

वेल्डर लालबुंद झाला. म्हटलं, आता हा मला भिंतीवर आपटतो. पण तो वाकला, नीट बघितलं.

"अगं, इथं जोड सुटलाय. बटर पोचलंच नाही."

मग प्रत्येक कोरड्या जागेवर बटरचा बारका तुकडा ठेवला, श्वास रोखून. दार लावलं आणि स्टूल टाकून ओव्हनकडं पाठ करून बसला. "मला उठू देऊ नको," म्हणाला.

चारला मेहुणी आली. तोवर मी वरून तांबूस, कडेनं पीच बुडबुडतायत. दोन वाट्या खाल्ल्या तिनं, वर कोपरेही खरवडले.

"ताई, हे तू केलंस?"

"मी नुसतं तोंड चालवलं. हात ह्यांचे."

वेल्डर जमिनीकडं बघत म्हणाला, "चहापण शिकतो."

एवढंच. पण बाईला कळलं. "मी नाही येत गं," ती बहिणीला म्हणाली. "ह्यांना एकटं सोडलं तर ओव्हनचं दार निखळेल."

"बरं, मग मोकळ्या हातानं कशी जाऊ?" असं म्हणून मेहुणीनं उरलेल्या केकसकट मला काखेत मारलं.

आज महिना झाला, मी तिच्या कपाटात आहे. घासूनपुसून ठेवलंय, तक्रार नाही. तिकडं वेल्डर बाईची वेणी घालतो म्हणे, वाकडीतिकडी. मी गेलो, बाई राहिली. सौदा वाईट नाही. पण एक सांगतो, कुणाचं भांडं तुमच्याकडं आलं असेल तर परत करा. भरून द्या, रिकामं द्या, पण द्या की हो!

मेहुणीबाई, ऐकताय ना?