वेटिंग रूममधलं स्वयंपाकघर

प्रभावतीच्या हातून चूक म्हणून कधी व्हायची नाही, आणि तीच तिची खोड. गेर्लिंगेनच्या एका कंपनीत ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. कुठला स्क्रू कुठं, किती मिलिमीटरचा, सगळं टिपल्याशिवाय बाईला झोप नाही. एर्लेनवाइलर नावाच्या खेड्यात हौशी रेल्वेवाल्यांचं एक मंडळ आहे, तिकडच्या जर्मन भाषेत फेराइन. उन्हाळ्यातल्या रविवारी ते जुनी वाफेची गाडी चालवतात, आणि प्रभावती हौसेनं तिकिटं तपासायला जायची. तेव्हा तिथल्या चिमुकल्या स्टेशनाचा इतिहास लिहायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, यात नवल ते काय!

इतिहास सांगणारं माणूस एकच उरलं होतं. फ्राऊ हेगेले, वय शहाऐंशी. त्यांचे यजमान तिथले शेवटचे स्टेशनमास्तर. प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा वेटिंग रूममध्ये भिंती घालून या जोडप्याला घर करून दिलं होतं. यजमान गेले, इमारत फेराइनकडे आली, तरी बाई भाड्यानं तिथंच राहिल्या.

वर्षभर दर शनिवारी प्रभावती त्यांच्याकडे जायची. कॉफी व्हायची, प्लमचा केक व्हायचा, आणि बाई बोलत सुटायच्या. "माझं न्हाणीघर आहे ना, गेनाऊ, अगदी तिथंच तिकिटाची खिडकी होती. आणि ही भिंत मागाहून घातलेली बरं का, हिच्यामागं ओकचं बाकडं अजून तसंच आहे." की लगेच प्रभावती उठून भिंतीला टेप लावायची. बाईंना इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं हो! मुलं ना बाळं, शेजार म्हणावा तर गाईंचा. ती निघताना दारात तिचा हात धरून म्हणायच्या, "पुढच्या शनिवारी नक्की ये हं."

चाळीस पानं झाली, नकाशांसकट. फेराइनचे अध्यक्ष हेर फोलमर खूश. त्यांनी ती पानं जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवली. खात्याचे लोक आले, भिंतीला भोक पाडून आत डोकावले, आणि बाकडं खरंच दिसलं म्हणून त्यांनीही प्रभावतीची पाठ थोपटली. स्टेशनाला वारशाचा दर्जा मिळाला, दुरुस्तीला मदत मिळाली. अट एकच. वेटिंग रूम मूळ रूपात आणायची, मागाहून घातलेल्या भिंती पाडायच्या. भिंती गेल्या म्हणजे स्वयंपाकघर गेलं, न्हाणीघर गेलं. मग तिथं माणूस राहणार कसा? फ्राऊ हेगेलेंना नऊ महिन्यांची मुदत देणारं पत्र आलं. त्यांनी ते प्रभावतीच्याच पुढ्यात ठेवलं. "चष्मा सापडत नाही. तूच वाच, तुझं नाव आहे यात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि ते स्वतःच्या वाट्याला आलं असतं तर तिनं सोसलंही असतं. आलं ते त्या म्हातारीच्या.

"माझ्यामुळं झालं हे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तू विचारलंस, मी सांगितलं," बाई म्हणाल्या, आणि कपबश्या उचलून विसळायला गेल्या.

प्रभावतीनं काय काय करून पाहिलं! फोलमरांकडे गेली. तो माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण त्यांनी बाईंसाठी आल्टेनहाइममध्ये, वृद्धाश्रमात, बागेकडची खोली आधीच धरून ठेवली होती. खात्याला पत्र लिहिलं. उलट विचारणा आली, "आपल्या नोंदीत काही चूक आहे काय? असल्यास कळवावे." चूक कुठून आणायची? क्षणभर वाटलं, द्यावं ठोकून काहीतरी. पण बाकडं तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आणावं म्हटलं, तर घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाईंचे गुडघे गेलेले. "अगं, तू खरं तेच लिहिलंस ना?" जीवन, तिचा नवरा, म्हणाला. "हो ना," ती चिडून म्हणाली, "तेच तर!"

दीड वर्षानं, मे महिन्यात, उद्घाटन झालं. बँड वाजला, सॉसेजेस भाजली गेली, फोलमरांनी प्रभावतीला फुलांचा गुच्छ दिला. फ्राऊ हेगेलेंना वृद्धाश्रमाची गाडी सोडून गेली होती. त्या प्लॅटफॉर्मवरच बसल्या, काठी घट्ट धरून.

"मी नाही आत यायची," त्या म्हणाल्या. "तू जा. बघ आणि मला सांग."

प्रभावती आत गेली. तिकिटाची खिडकी होती, बाकडं होतं, छताचा हिरवा रंगसुद्धा पानावर लिहिला होता तस्साच. लोक तिचीच वाक्यं पाटीवर वाचत होते. मुलखाची हुशार बाई, पण फ्राऊ हेगेलेंच्या घराची खूण म्हणावी असं तिला काही म्हणजे काही सापडेना. चार भिंती फिरून झाल्या, मग बाहेर येणं आलंच.

"काय आहे गं?" फ्राऊ हेगेलेंनी विचारलं. "माझं काही राहिलंय?"

"हो," प्रभावती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं न मोजता काही सांगितलं. "खिडकीपाशी फरशीवर तुमच्या कपाटाची खूण आहे अजून."

बाईंनी तिचा हात धरला.

"खिडकीपाशी कपाट नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "टेबल होतं. तू तिथंच बसून लिहायचीस."