तीन बाजूंनी साहेब

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला मान आहे आणि ती गर्रकन वळते. फक्त ती वळवण्याचा अधिकार माझा नाही.

कारखान्यात माझी काच पुसणारी बाई म्हणाली होती, "जा बाळा, जग बघ." जग म्हणून मला वृद्धाश्रमाचं अंगण मिळालं. तीन खांबांवर आम्ही तिघे भाऊ आणि राखायची विसराळू म्हातारी माणसं अकरा. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा. कोणी कोणाच्या मागे मान फिरवायची, हे पट्ट्यावरचा क्रमांक ओळखून ऑफिसातला संगणक ठरवतो. सुरुवातीला आमचं फार कौतुक झालं. पाहुणे म्हाताऱ्यांना सोडून आम्हालाच बघून जात.

घोळ झाला चाचणीच्या दिवशी. व्यवस्थापक साहेबांनी हौसेनं स्वतःच्याच मनगटावर पट्टा बांधला आणि तंत्रज्ञानं अदबीनं त्यांना पहिला क्रमांक दिला. पहिला क्रमांक ज्या ज्या कॅमेऱ्याला दिसेल, तो तो कॅमेरा त्याचा. तंत्रज्ञ गेला. पट्टा साहेबांना शोभतो असं कोणीतरी म्हणालं, म्हणून तो राहिला. आणि साहेबांना पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवणार कोण?

एका दुपारी साहेब फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत होते. नजरेच्या कडेला मला मास्तर आजोबा दिसले. जन्मभर शाळेत शिकवलेला हा माणूस मागच्या फाटकाची कडी काढत होता. पलीकडे ट्रकांचा रस्ता. मी मान वळवायला गेलो. ती साहेबांबरोबर उलटीकडे गेली. पुढच्या फेरीला पाहिलं, तर फाटक उघडं आणि आजोबा नाहीत. मला तोंड नाही, मित्रांनो. मी साहेबांची ढेरी अत्यंत स्पष्ट टिपत राहिलो.

आजोबांना सांभाळणाऱ्या मावशी औषध घेऊन त्यांना शोधत ऑफिसात आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"साहेब तीन बाजूंनी दिसतायत," त्या म्हणाल्या, "आमचे मास्तर एकाही बाजूनं नाहीत."

औषध तिथेच ठेवून त्या धावल्या. मास्तर भर रस्त्यात ट्रकवाल्यांना रांगेत उभं राहायला सांगत होते. गुडघा फुटला होता. बाकी थोडक्यात निभावलं.

संध्याकाळी बैठक झाली. कॅमेरे कमी पडतात, असा निष्कर्ष निघाला. चौथा भाऊ काल आला. तोही साहेबांकडेच बघतो. मावशींनी मात्र आपलं स्टूल मागच्या फाटकाशी नेलंय.

मित्रांनो, तुमची मान कोणाच्याही हुकमाशिवाय वळते. घरातलं म्हातारं माणूस जागेवरून उठलं, तर तेवढी वळवा. मला आता तुमच्याकडे बघता येणार नाही. साहेब फेरीला निघालेत.