मुद्देमालातली पोर

मगन गुजराच्या नांगराला हाड लागलं, तेव्हा जन्नतबी शेजारच्या बांधाला गवत कापत होती. बैल थबकले. काळ्या मातीतून बारीक बरगड्या वर आल्या, मागून इवलीशी कवटी.

दर साली वीतभर बांध कब्रस्तानात सरकवायची मगनची खोड तापीकाठच्या त्या गावाला ठाऊक होती. भुईची भूक भस्म्यासारखी, खाईल तितकी वाढते. मगननं हाडं उचलून बांधापलीकडे भिरकावली नि नांगराचं तास पुरं केलं. जन्नतबीनं जागा ओळखली. प्लेगात गेलेली तिची लेक नईमा तिथंच निजली होती. हाडं तिनं पदरात वेचली.

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं पंच म्हणाले. तिचा नवरा गफूर पिंजारी, तोही तेच म्हणाला. पण ती पदर तसाच धरून तालुक्याला चालत गेली. फौजदार भला होता. कबर उकरणं, मेलेल्याची विटंबना करणं हा गुन्हा आहे, वर्षाची कैद होते, असं त्यानं समजावलं. तिला बरं वाटलं. मग त्यानं हाडं थैलीत घातली, तोंड बांधून लाखेची मोहर मारली.

ती थैलीसाठी हात पुढं करून उभी राहिली. फौजदार म्हणाला, "बाई, हा आता मुद्देमाल. खटला सरेस्तोवर सरकारचा."

खटला लांबला. तिथं कबर आहे हे ठाऊकच नव्हतं, असं मगनचा वकील सांगत राहिला. तरी शिक्षा झाली. मगननं वर अपील केलं नि जामिनावर घरी आला. थैली कचेरीच्या कोठीतच राहिली. जन्नतबी दर बाजारच्या दिवशी कोठीच्या खिडकीखाली जाऊन बसायची. भर उन्हात तिला आतून पोरीचं हुंदकणं ऐकू यायचं. उंदीर असतील, असं गफूर म्हणायचा.

शेवटी ती मगनच्या दारात गेली. तो ओट्यावर बसला होता, सुकून लाकूड झालेला.

"तू तुरुंगमा जावो नही जावो, माले काय करनं शे?" ती म्हणाली. "मन्ही पोर कपाटमा कोंडेल शे. खटला सरू दे. तिले मातीमा जाऊ दे."



"माले बी ऐकू येस," तो म्हणाला. "नांगर धरस तवय रडस ती."

त्याच आठवड्यात त्यानं अपील मागं घेतलं नि आपल्या पायांनी तुरुंगात गेला.

थैली मिळाली. गफूरनं खोल खणलं. माती लोटताना मगनची बायको जसोदाबाई डोईवर पाटी घेऊन आली. नांगरलेल्या तासातली माती होती ती, नवऱ्यानं जाताना सांगितलेली. तिनं ती आपल्या हातांनी कबरीवर घातली. त्या दिवसापासून जन्नतबीच्या कानातलं रडणं थांबलं.

मगन सुटून आला, पण नांगराला त्यानं पुन्हा हात लावला नाही. एकदा नदीच्या वाटेवर त्यानं तिला गाठलं. मान वर न करता विचारलं, "तुले अजून ऐकू येस का, बहीण?"

जन्नतबीनं त्याच्याकडे पाहिलं. एकट्यानं ऐकत राहणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं.

"येस, भाऊ," ती म्हणाली. "कधीमधी येस."