माझ्या काळ्या कडांची नक्कल

मी एक जुना, प्लास्टिकच्या भिंगाचा कॅमेरा आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मनातून मला माणसांचा राग आहे. तो का, हे सांगायलाच बसलो आहे, तेव्हा मध्येच हसू नका.

माझा जन्म साच्यात झाला. दोन तुकडे, थोडे स्क्रू आणि काचेच्या जागी प्लास्टिकची चकती. मुंबईच्या फुटपाथवर माझ्यासारख्यांचा ढीग पडला होता. १९८९ साली सुकापूरच्या भगवान नावाच्या शेतकऱ्याने मला त्यातून उचलले आणि एस.टी.त मांडीवर घेऊन घरी आणले. वाटेत त्याने माझे बटण इतक्यांदा दाबले की मला चीड आली. पण खरे सांगतो, एवढ्या मायेने मला पुन्हा कुणी धरले नाही.

माझे काम कसे, तेही ऐका. फोटोत मधला माणूस स्पष्ट येई, कडेचे पुसट, आणि चारही कोपरे काळे. पाठीचे झाकण नीट बसत नसे, त्यामुळे आत उजेड शिरे आणि फोटोवर लाल पट्टा उमटे. एका उन्हाळ्यात रोल संपत आला असताना भगवानच्या मुलीने, निशाने, दाराशी आईबापांना उभे केले. भगवान काहीतरी बोलला, तिची आई चंद्रावती पदर तोंडात धरून हसली, तेवढ्यात बटण दाबले गेले. नवराबायकोचा एकत्र असा तो एकच फोटो होता.

भगवानला रोल काढता येत नसे. तो मलाच पनवेलला कृष्णकांतच्या स्टुडिओत नेऊन काउंटरवर ठेवी. कृष्णकांतचा नियम ठरलेला होता, खराब फोटो छापायचा नाही, दुकानाचे नाव जाते. त्या रोलची धुतलेली निगेटिव्ह त्याने दिव्यासमोर धरली, तोंड वाकडे केले, नवराबायकोच्या फोटोचा शेवटचा तुकडा कात्रीने कापला आणि टोपलीत टाकला.

"भगवान, हा कॅमेरा आहे की डबा? पोरांना खेळायला देऊन टाक," तो म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइके फिदीफिदी हसली. भगवानही कसनुसा हसला, याचे मला जास्त लागले.

पुढे भगवान तापाने गेला. मला कपाटाच्या माथ्यावर टाकले. माझ्या पट्ट्यावर झुरळे फिरली, तरी कुणी ढुंकून पाहिले नाही.

१९९८ साली निशाचे लग्न ठरले आणि चंद्रावतीने मला खाली काढून पुसले. तो दाराशी काढलेला फोटो अजून माझ्या पोटात असेल, अशी त्या बाईची भाबडी समजूत होती. नणंद सोनाबाईला घेऊन ती स्टुडिओत आली. कृष्णकांतने माझे झाकण उघडून दाखवले. आत काही नव्हते. तो फोटो खराब म्हणून आपण तेव्हाच कापून टाकला, हे त्याला सांगावे लागले.

चंद्रावतीचा चेहरा उतरला. "लग्नात विधवेला कोन पुढं येऊ देनार नाय," ती म्हणाली. "फोटूत तरी मना त्यांचे बाजूला उबी करा."

कृष्णकांतचा मुलगा सत्यजीत नुकताच कॉम्प्युटर शिकला होता. "काकी, डोंट वरी, मी जोडून देतो," तो म्हणाला. त्याने चंद्रावतीचा नवा फोटो काढला. शेजारी कुठल्याशा लग्नाच्या फोटोतला कोटवाला उभा केला आणि त्याच्या मानेवर भगवानच्या ओळखपत्रातला चेहरा बसवला. पण मान चिकटवल्यासारखी दिसू लागली.

"फार क्लीन आहे, म्हणून खोटा वाटतो," सत्यजीत पुटपुटला. मग त्या टोणग्याची नजर माझ्यावर गेली. त्याने माझ्यात रोल भरला, रस्त्यावरचे फोटो काढून धुतले आणि माझे दोष एकेक करून निरखले. मग पडद्यावर कोपरे काळे केले, कडा पुसट केल्या, रंग उडवले आणि नेमका मानेच्या सांध्यावरून लाल पट्टा ओढला. सांधा दिसेनासा झाला.

"वा! अस्सल जुना फोटो!" कृष्णकांत म्हणाला. ज्या तोंडाने मला डबा म्हणाला, त्याच तोंडाने! माझ्या दोषांवर जन्मभर हसलात आणि खोटे झाकायला तेच दोष लागले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की भिंग तडकले असते तरी मला वाईट वाटले नसते.

सोनाबाईला फोटो आवडला. "जोडी शोभते. यो हळदीला पाटावर ठेवू," ती म्हणाली.

चंद्रावती मात्र बघतच राहिली. "यो कोट कुनाचा? निशाच्या बापसानं जल्मात कोट नाय घातला. आनि कडा काल्या कशाला केल्या?"

"जुना वाटावा म्हणून, काकी."

ती कृष्णकांतकडे वळली. "असाच पायजे व्हता, तं आमचा खरा का फेकलास, शेट?"

कृष्णकांत काउंटर पुसू लागला. तिने फोटो तिथेच ठेवला, मला पिशवीत घातले आणि ती बाहेर पडली.

हळदीच्या दिवशी पाटावर भगवानचा एकट्याचा फोटो मांडला. बायका गाऊ लागल्या. चंद्रावती मागच्या खोलीतून आली आणि सगळ्यांसमोर त्या फोटोशेजारी बसली. गाणे थांबले.

"चंद्रावती, ऊठ. तुजी जागा मागं हाय," सोनाबाई म्हणाली.

"खोट्या फोटूत मना बाजूला उबी केली, तवा तुमाला चालली," चंद्रावती म्हणाली. "मंग खरी बसली तं काय झाला?"

अंगभर हळद लागलेली निशा उठली, लग्नासाठी नवा रोल भरून ठेवलेल्या मला तिने फळीवरून ओढले आणि बटण दाबले. पुढे रोल देताना तिने कृष्णकांतला बजावले, "सगळे छापा. खराब कुठला ते आमी ठरवू."

मित्रांनो, वस्तू जपा वगैरे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढेच सांगतो, माझे दोष उसने नेऊन तुमचा खोटेपणा झाकू नका. आणि ज्याचा फोटो आहे त्याला विचारल्याशिवाय खराब म्हणून काही फेकू नका. निशाने काढलेला तो फोटो आता सुकापूरच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. नवरा आणि बायको शेजारी आहेत, चारही कोपरे काळे आहेत. कुणाला नाव ठेवायचे असेल, तर त्याने चंद्रावतीच्या तोंडावर ठेवून दाखवावे.