सर्वानुमते

फळ्याखालच्या पट्टीवर खडूचा एक तुकडा होता, चार सेंटिमीटर लांब. एक टोक तिरकं झिजलेलं, कारण ईरम्मा खडू खुरप्यासारखा मुठीत धरायची. गेले एकोणीस दिवस तो चारच सेंटिमीटरचा होता. शाळेची वही सांभाळणाऱ्या अनिसाने मोजपट्टी लावून पाहिलं होतं. पंधरा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईची ही सवय.

कुंभारीतल्या या पत्र्याच्या खोलीत पाच वर्षांपूर्वी एकवीस मोठी माणसं अक्षरं गिरवायला बसली होती. मंगळवेढ्याकडच्या एका वीटभट्टीवर ती वेठीला होती. सरकारने सोडवून प्रत्येकाच्या हातात मुक्तीचा दाखला ठेवला. तो एकालाही वाचता येत नव्हता. तो वाचता यावा म्हणून शाळा निघाली, शिवयोगी सरांनी काढली. सर तरुणपणी मध्य प्रदेशात क्वेकर लोकांबरोबर राहिलेले. ख्रिस्ती धर्मातला हा लहानसा पंथ. पाद्री नाही, प्रवचन नाही. सगळे गोल करून गप्प बसतात आणि आतून काही उमटलं तरच बोलतात. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी या मंडळींनी दीडशे वर्षांपूर्वी शाळा चालवल्या, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा ईरम्माने विचारलं होतं, "मग ती मान्सं शिकून कुटं गेली?" सर हसले होते. उत्तर राहूनच गेलं.

शाळेचा कारभारही त्याच रीतीचा. मतदान नाही. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी, शिकणाऱ्यांनीसुद्धा, गोल बसायचं. प्रश्न मांडायचा, मग शांतता. कुणाची हरकत आली नाही, तर अनिसाने वहीत लिहायचं, 'सर्वानुमते'. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या महिन्यावर.

दोन वर्षांपूर्वी सरांना अंधारात दिसेनासं झालं. रात्री आठचा वर्ग सकाळी दहाला घ्यावा का, असं त्यांनी विचारलं. अर्धा तास कुणी चकार शब्द काढला नाही. दहा वाजता ही माणसं मजुरीवर असतात, हे अनिसाच्या मनात आलं होतं. पण अडचण असती तर बोलली असती की. तिने लिहिलं, 'सर्वानुमते'.

महिनाभरात एकवीसचे नऊ झाले. वर्ग परत रात्री नेला, तोवर भट्टीचा मुकादम घरोघर चहा पिऊन गेला होता. गेल्या दिवाळीनंतर एकेक घर परत भट्टीच्या ट्रॅक्टरवर चढलं. उरली ईरम्मा. आणि आठ महिन्यांपासून दर सभेत एकच प्रश्न होता, शाळा चालू ठेवायची की बंद करायची? दर सभेत तीच शांतता, ती कोणत्या बाजूची हे कळेना, म्हणून वहीत तीच ओळ, 'विषय पुढच्या सभेत'.

आजच्या रविवारी ईरम्मा आली ती काखेत बोचकं घेऊन.

"ये ये," सर म्हणाले. "वाटलं, विसरलीस आम्हाला."

"इसरंन कशी? तुमच्यावानी गप बसणारं दुसरं कोन हाय कुंभारीत?" ती दाराजवळ टेकली. "तिघंच की आपन. आता गोल कसला, तिकोन झाला."

सरांनी डोळे मिटले. शांतता सुरू झाली. अनिसाने डोळे उघडेच ठेवले. ईरम्मा मान खाली घालून बसली होती, दोन्ही तळवे उपडे गुडघ्यांवर, खांदे आवळलेले. एकवीसच्या एकवीस अशीच बसायची. त्याला ती पाच वर्षं ध्यान समजत आली होती.

"ईरम्मा," तिने रीत मोडली, "वर्ग सकाळी घेतला तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलायचं व्हतं?" ईरम्माला खरंच नवल वाटलं. "शेट बी असंच गोल बसवायचा. कुनाला काय अडचण हाय का, म्हनायचा. जो त्वांड उघडंल त्यो दुसऱ्या दिशी भट्टीच्या त्वांडाला. गप ऱ्हायलं की भागतंय, एवडंच ठावं आमाला."

"पण इथे कोण शेठ होता गं?" सरांनी विचारलं.

"तुमी बी गपच बसायचा की. आमी म्हनलं, तुमचा बी कुनी आसंल, वर."

अनिसाने वही चाळली. एकेचाळीस वेळा 'सर्वानुमते'. ज्या काट्यावरून ती पाच वर्षं आकडे उतरवत होती, तो काटा मुळात हललाच नव्हता.

ईरम्माने बोचक्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला दाखला काढला. "ह्यो ठिवा तुमच्याकडं. तितं धुरानं काळा हुईल."

"तितं म्हणजे?" अनिसाने विचारलं.

"ट्रॅक्टर उद्या पाटं येतोय. लेक, जावई तितंच हायती. हितं एकटी काय करू?" तिने दाखल्यावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत, एकही न चुकता वाचलं, "'यापुढे यांना कोणीही वेठीस धरू नये.' मुकादमाला बी वाचून दावलं. हासला. म्हनला, लई ग्वाड वाचतीस."

सरांनी दाखला पुन्हा पिशवीत घातला आणि फळ्याखालच्या पट्टीवर, खडूशेजारी ठेवला.

"आमचं जाऊ द्या," ईरम्मा म्हणाली. "आमाला भ्या व्हतं. तुमाला कुनाचं भ्या हाय, बाई? आट म्हैनं झालं, तुमी का गप हायसा?"

अनिसाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सरांनी या वेळी डोळे मिटले नव्हते.

"शाळा बंद करायची," अनिसा म्हणाली.