उपडा दिवस

मित्रांनो, अंगणात भिंतीला लागून उपडा पडलेला हा राखाडी पत्रा पाहून मला भंगार समजू नका. मी एक जुना टब आहे. जस्ताचा मुलामा चढवलेला, दोन कानांचा, मोठे माणूस गुडघे दुमडून बसेल एवढा ऐसपैस. सध्या माझी विश्रांतीची वेळ आहे, आणि आपले आयुष्य सांगायला मला अशाच वेळी सुचते.

माझा जन्म डर्बनच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून गोल केला आणि वितळलेल्या जस्तात मला बुचकळून काढले. ती माझी पहिली आंघोळ. पुढे जन्मभर मी दुसऱ्यांना आंघोळी घातल्या, पण तेवढे कढत पाणी कुणाच्या वाट्याला आले नाही. तिथून मी पीटरमारित्झबर्गच्या एका दुकानाबाहेर खिळ्याला लटकलो. वारा सुटला की मी भिंतीवर आपटायचो आणि दुकानदार वैतागायचा. एके दिवशी तेवीस वर्षांची एक मुलगी आली. तिने माझ्या पोटावर टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, हाच.

तिचे लग्न होते. आमच्याकडे नवरी सासरच्या माणसांना भेटी देते. चटया, घोंगड्या, केरसुण्या असे सगळे होते, आणि मी होतो. एडनडेलच्या चढावरून बायका मला डोक्यावर घेऊन नाचत आल्या. मी सासूबाईंची भेट होतो, पण आठवड्याच्या आत सासूबाईंनी मला सुनेच्या हवाली केले, कारण धुणे सुनेलाच धुवायचे होते. ती सून म्हणजे मा-झोंडी. लग्न झाले तरी बाईला माहेरच्या कुळाच्या नावानेच हाक मारायची आमची रीत आहे.

माझ्यात दोन मुलांनी आंघोळ केली आणि दोघांनीही माझ्यात शू केली, हे आता ती मोठी झालेली मुले कबूल करत नाहीत. माझ्यात घोंगड्या तुडवल्या गेल्या. लग्नकार्यात ज्वारीची बिअर भरली गेली, मयताच्या घरच्या जेवणाचे मांस धुतले गेले. शेजारीपाजारी मला मागून न्यायचे. मी परत आलो की मा-झोंडी मला घासायची, फडक्याने कोरडा करायची आणि भिंतीला लावून उपडा ठेवायची. पत्र्यात पाणी राहिले की बुडाला गंज धरतो, हे तिला आईने शिकवले होते. एकेचाळीस वर्षांत तिने मला एकदाही ओला टाकला नाही. माझ्यावर असे प्रेम करणारी बाई मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो.

ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. नवरा वारला, मुले कामाला लांब गेली, आणि घरात आम्ही दोघेच उरलो. ती पन्नाशीची असताना शेअर टॅक्सीवाल्यांचा संप झाला. दोन आठवडे इस्पितळापर्यंत सहा किलोमीटर पायी जायचे. पहिल्या दिवशी ती चालली, तिसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून धावली. संप मिटला तरी ती धावतच राहिली. टॅक्सीतली माणसे खिडकीतून विचारायची की गोगो, म्हणजे आजी, चोर कुठे पळाला? ती म्हणायची, पुढे गेला, तुम्हीही उतरा.

मग ती वस्तीच्या क्लबात गेली. आमच्या भागात दरवर्षी खोऱ्याची शर्यत होते. धरणापासून शहराच्या मैदानापर्यंत पन्नास किलोमीटर, आणि त्यासाठी सात तास. सात तास झाले की मैदानावरचा एक माणूस रस्त्याकडे पाठ करून बंदूक उडवतो. पाठ अशासाठी की समोर कोण येते आहे ते त्याला दिसू नये आणि दया येऊ नये. बंदुकीनंतर आलेल्याची धाव कुठेच धरली जात नाही. दहा वेळा शर्यत पुरी केली, तर छातीवरचा नंबर कायमचा तुमचा होतो. तुम्ही गेलात तरी तो दुसऱ्याला मिळत नाही.

मा-झोंडीने नऊ वेळा पुरी केली होती.

क्लबातल्या म्हाताऱ्यांसाठी एक बस असते. चाके नसलेली. बाबा सोखेला हातात झेंडी घेऊन पुढे धावतात, आणि मागे तीस-चाळीस जण गाणी म्हणत त्यांच्या पावलावर पाऊल टाकतात. आठ मिनिटे धावायचे, दोन मिनिटे चालायचे, चढ आला की चालायचेच. बाबांनी शहराची खरी बस तीस वर्षे चालवली होती, त्यामुळे वेळापत्रक त्यांच्या हाडात मुरलेले आहे. त्यांच्या मागोमाग राहिलात तर बंदुकीच्या आत पोहोचता. मा-झोंडीला मात्र चालायची लाज वाटायची. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर बस चालायला लागली तेव्हा ती एकटी पुढे धावली. वरती तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला, बस तिला ओलांडून गेली, आणि बंदूक उडाली तेव्हा ती रेषेपासून चाळीस पावलांवर होती. घरी येऊन ती माझ्यात पाय सोडून बसली आणि रडली. तिचे अश्रू माझ्यात पडले आहेत, म्हणून मला ठाऊक.

या वर्षी ती चौसष्ट वर्षांची झाली. आणखी किती वर्षे पाय साथ देतील ते तिला माहीत नव्हते. त्यामुळे ती हट्टाला पेटली. क्लब आठवड्यातून चार दिवस धावायचा, ती सहा दिवस धावू लागली. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी सगळे घरी बसत, तेव्हा ही टेकडी चढून यायची. चाळिशीत माणसाचे दुखणे दोन दिवसांत उतरते, साठीनंतर त्याला चार-पाच दिवस लागतात. हे मी इतक्या पायांकडून शिकलो आहे की मला पाठ झाले आहे.

दर रविवारी लांब धावेनंतर तिघेजण माझ्याभोवती खोक्यांवर बसत. मा-झोंडी, बाबा सोखेला आणि शेजारची मा-चेले. माझ्यात थंडगार पाणी आणि त्यात सहा पाय. मा-चेले अंगाने भारी आणि जिभेने त्याहून भारी. तिचे पाय पाण्यात शिरले की निम्मे पाणी बाहेर जाते आणि ती मलाच लहान म्हणते. त्या सहा पायांतला एक पाय मला कळायचा. मा-झोंडीची डावी पोटरी थंड पाण्यातही गरम लागायची, आतून दोरीला गाठ मारावी तशी. मा-चेलेचा अंगठा चुकून लागला तरी ती पाय आखडून घ्यायची आणि पाणी फार गार आहे म्हणायची. माझे तोंड एवढे मोठे, पण त्यातून शब्द फुटत नाही. त्या दिवसांत मला त्याचे फार वाईट वाटले.

शेवटी मा-चेलेने तिला दवाखान्यात पिटाळले. तिथे एक नवी परिचारिका होती, दुसऱ्या गावाहून आलेली. काय होतंय विचारल्यावर मा-झोंडी म्हणाली की पोटरीमुळे माझी बस सुटते. ती पोर कळवळून म्हणाली, "मग टॅक्सीने जात जा ना, गोगो. इथे दारातच थांबते." पुढे तिने पोटरी दाबून पाहिली आणि सांगितले की तीन आठवडे धावणे बंद, नाहीतर हा स्नायू फाटेल.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात हसून हसून मा-चेलेच्या डोळ्यांतून पाणी आले. टॅक्सीने जा! पण त्याच हसण्यात घात झाला. मा-झोंडीने तीन आठवड्यांची गोष्ट कुणाला सांगितलीच नाही. मला घासताना ती स्वतःशीच पुटपुटली की जिला बस म्हणजे काय ते कळत नाही, तिला पाय काय कळणार? शर्यतीला आठ आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेकडीवर गेली.

पुढच्या रविवारी धावून आल्यावर ती मोरीकडे जाताना लंगडली. पाय गार पाण्यात बुडवून झाले, मा-चेले घरी गेली. मा-झोंडीने माझे पाणी भाजीच्या वाफ्यात ओतले, मला फडक्याने पुसले, कानांच्या खाचांतले पाणीसुद्धा टिपले आणि मला उपडा घातला. बाबा सोखेला खोक्यावर बसून पुथू आणि आमासी खात होते. मक्याच्या त्या भुग्यावर आंबट दूध ओतता ओतता ते थांबले.

"किती वर्षांचा झाला गं हा टब?"

"एकेचाळीस."

"गळत नाही कुठे?"

"गळेल कसा? रोज कोरडा करून उपडा घालते."

"टबाला रोज उपडा घालतेस," बाबा म्हणाले. "आणि पायांना कधी घालणार?"

मा-झोंडीने फडके पिळून दोरीवर टाकले. मग ती रागावली. "मी काय टब आहे का, बाबा?"

"नाहीस ना. टब फुटला तर दुकानात दुसरा मिळतो."

ती तडक आत गेली. बाबांनी वाटी स्वतः विसळली, माझ्या बुडावर पालथी ठेवली आणि गेले. मी आनंदाने वाजलो असतो, पण वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती बूट बांधून बाहेर आली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. परत आली. माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि माझ्यावर, माझ्या बुडावर, बसली. एकेचाळीस वर्षांत ती माझ्यावर प्रथमच बसली होती. तिला भीती वाटत होती, मित्रांनो. आज बसलो तर पुन्हा कधी उठणारच नाही, अशी म्हातारपणी माणसाला वाटते ती भीती. एवढ्यात मा-चेले फाटकापाशी आली आणि आज काय म्हणून विचारले.

"आज मी उपडी आहे," मा-झोंडी म्हणाली.

मा-चेलेला आधी कळले नाही. कळले तेव्हा ती आत आली आणि म्हणाली, सरक, मीही उपडी. आम्हा दोघींना हा टब पेलतो का बघू. मी पेलले, पण माझ्या बुडाला एक पोचा आला. तो अजून आहे, आणि मला तो आवडतो.

त्यानंतर मा-झोंडीने दवाखान्यातली खरी गोष्ट सांगून टाकली. तीन आठवडे ती धावली नाही. पायरीवर उभी राहून टाचा वरखाली करायची, दुपारी झोपायची, संध्याकाळी सपाटीवर चालून यायची. पोटरीची गाठ हळूहळू सुटली. मग एक दिवस धाव, एक दिवस उपडा. क्लबात तो शब्दच रूढ झाला. कुणी दिसले नाही की लोक विचारायचे, आज उपडा दिवस वाटतं?

शर्यतीच्या दिवशी मला पिकअपमध्ये घालून मैदानावर नेले. क्लबाच्या तंबूजवळ, शेवटच्या रेषेपासून दहा पावलांवर, बर्फ आणि पाणी भरून मला ठेवले. मी जमिनीवरचा प्राणी. मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. सकाळ सरली. तरुण पाय आले, मग पिकलेले पाय आले. सहा तास पन्नास मिनिटे झाली आणि बंदूकवाला रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. बस अजून आली नव्हती.

मग गाणे ऐकू आले. चाळीस जणांची पावले एका ठेक्यात वळणावरून आली. मी सगळ्यांत पुढचे पाय पाहिले आणि माझ्यातला बर्फसुद्धा हलला असेल. ते बाबा सोखेलांचे वाकडे पाय नव्हते. पुढच्या डाव्या पोटरीवर धोबीखान्यातल्या इस्त्रीचा जुना चट्टा होता. बस मा-झोंडी चालवत होती.

झाले होते असे. चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला बाबांचा गुडघा आखडला. त्यांनी झेंडी तिच्या हातात दिली आणि सांगितले, वेळापत्रक मोडू नको. पुढे तोच शेवटचा चढ आला. घड्याळ पाहून मागची माणसे ओरडू लागली की धाव, धाव, बंदूक उडेल. आणि चढावर चालायची लाज वाटणाऱ्या मा-झोंडीने झेंडी आडवी धरून सांगितले की माझ्या बसमध्ये चढावर चालतात, ज्याला घाई असेल त्याने टॅक्सी पकडावी. सगळी बस हसली आणि चालली.

दोन मिनिटे राखून चाळीसच्या चाळीस जण रेषा ओलांडून आले. तिच्या नऊचे दहा झाले. तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ती तिथे नव्हती. ती रेषेवर परत जाऊन रस्त्याकडे बघत उभी होती. बंदूक उडाली. त्यानंतर अकरा मिनिटांनी वाकडे पाय आले, एक घासत.

"बस वेळेवर पोहोचली ना?" बाबांनी विचारले.

"पोहोचली, बाबा."

"मग ड्रायव्हर उशिरा आला तरी चालतं."

तिने त्यांना माझ्यात बसवले नाही इतकेच. दोन्ही पाय पाण्यात ठेवले, गुडघ्यावर बर्फ धरला, आणि हसत आणि रडत म्हणाली, "उद्यापासून तुम्ही उपडे. मी येऊन बघणार आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना टब असेल तर त्याच्यात पाणी साठवून ठेवू नका. काम झाले की पुसा आणि पालथा घाला, तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि घरात जुने पाय असतील, तर त्यांना धावू द्या, पण तेवढेच प्रेमाने त्यांना थांबूही द्या. थांबलेले सगळेच काही संपलेले नसते.

आणखी एक. मा-झोंडीचा कायमचा नंबर दोन हजार एकशे शहाऐंशी आहे. लोक तो चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. तिने दाराला लावून उरलेला निळा रंग घेतला आणि तो नंबर माझ्या बुडावर लिहिला, पोच्याच्या अगदी शेजारी. मी पाणी भरून कामात असतो तेव्हा तो कुणालाच दिसत नाही. मी उपडा असलो की साऱ्या गल्लीला दिसतो.