बारवेच्या पायऱ्या बंद झाल्या

मी बारव बोलतेय. झरीच्या वाटेवरच्या एका गावाची. एकवीस पायऱ्या, चारी बाजूंनी काळा दगड. बायका घागरी घेऊन थेट पाण्यात उतरायच्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहून सासूची गाऱ्हाणी सांगायच्या. मला ते फार आवडायचं. कुणाच्या घरात काय शिजतंय, हे पाटलाच्या आधी मला कळायचं.

पण गावात नारू होता. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा आणि धडधाकट माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. लोक म्हणायचे, देवीचा कोप. मीही तेच मानत होते. मग परभणीहून एक डॉक्टर आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रोग या पाण्यात आहे. नारूचे पाय यात बुडतात आणि हेच पाणी तुम्ही पिता. पायऱ्या बंद करा, वरून रहाटानं पाणी काढा."

मला राग आला. दोनशे वर्षं पाणी पाजलं, त्याचं हे फळ! पण ऐन पेरणीत गावातल्या बड्या शेतकऱ्याला, व्यंकटरावांना, त्यांच्या गड्यांनी उचलून माझ्या काठाशी आणलं. त्यांचा सुजलेला पाय पाहिला आणि माझा राग ओसरला.

निजाम सरकारकडे अर्ज त्यांनीच केला. दीड वर्षानं उर्दूतला हुकूम आला. गावानं पाण्याची कमिटी नेमावी, घरोघर पट्टी बसवावी, रोखे काढून कर्ज उभारावं. मात्र नव्वद घरांपैकी साठांचे अंगठे हवेत.

माझ्या काठावर सभा बसली. "पाण्याला पट्टी? लय झालं!" म्हणत कितीतरी जण उठले. व्यंकटरावांच्या आई धुरपताबाईंनी हातातले चांदीचे गोट उतरवून पहिला रोखा घेतला. "लेकाचा पायच न्हाई राह्यला, तर गोट घालून मिरवू का?" तरी अंगठे अठ्ठेचाळीसवर अडले.

वेशीबाहेरच्या वस्तीची अठरा घरं उरली होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तिथल्या बायकांना माझी एकही पायरी उतरायची मुभा नव्हती. रिकामी घागर घेऊन त्या वर उन्हात उभ्या राहायच्या, कुणी ओतलं तर पाणी. दगडाबाई त्यांतलीच. मला तिचा आवाज तेवढा ठाऊक होता. "वाढा वं माय, घोटभर."

व्यंकटराव काठी टेकत वस्तीत गेले आणि तिला घेऊन आले. ती लांबूनच म्हणाली, "अंगठे देतो. पट्टीबी देतो. पण मालक, पट्टी आमच्या घराची घेतली, तर रहाट आमी आमच्याच हातानं वढणार."

कुणीतरी पुटपुटलं, "बाटंल की सगळं."

"आन् नारूनं बाटलं न्हाई व्हय?" धुरपताबाई कडाडल्या. "लिही रे व्यंकट, त्यांची नावं."

पुढच्या उन्हाळ्यात पायऱ्यांवर भिंत चढली, चार रहाट लागले. पहिल्याच दिवशी दगडाबाई आली. सारं गाव बघत होतं. पोहरा खाली आला, भरला, वर गेला. आपली घागर भरून ती तिथंच थांबली आणि धुरपताबाईंना म्हणाली, "आणा माय, तुमचीबी भरते."

सभेत बोलणं सोपं होतं. धुरपताबाई घुटमळल्या. मग त्यांनी घागर पुढं केली. अभिमान वाटला मला माझ्या माणसांचा.

यंदा नवा नारू कुणालाच निघाला नाही. पाण्यात कुणी उतरत नाही, त्या गप्पांवाचून करमत नाही, हे खरं. पण गावकऱ्यांनो, एवढंच मागते, पट्टी थकवू नका; तिच्याच जोरावर हा रहाट सगळ्यांचा झाला. दगडाबाई पोहरा ओढायला वाकली, तेव्हा कुठं मी तिचं तोंड पाहिलं.